शेवटचा नळ

"काका, खालची गल्ली पुन्हा सोडलीत?" पाणीखात्याच्या साहेबांनी मोटरसायकल बंदही केली नाही.

मी चावीवर वाकलो होतो. चावी म्हणजे छातीइतकी उंच लोखंडी कांब, वर आडवा दांडा. रस्त्यातल्या खड्ड्यात घालून ती फिरवली की त्या त्या भागाला पाणी जातं. अठ्ठावीस वर्षं मी हेच करतोय. माझं नाव विचारलंत तर लोक डोकं खाजवतील, चावीवाले म्हणा, शेंबडं पोरही घर दाखवेल.

"हाताला सवय आहे साहेब. बाजार, शाळा, खालची गल्ली. हात आपोआप फिरतो."

"काल पण हेच बोललात. तिथं एक घर उभं नाही, पाणी सरळ समुद्रात जातंय. शाळेत चारशे माणसं राहतायत आणि टाकीत गुडघाभर पाणी चढत नाही." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "आत्ता बंद करा. उद्या परत हे झालं तर मला दुसरा माणूस नेमावा लागेल, काका. माझा नाइलाज आहे."

ते गेले. मी बंद केलं नाही.

वादळानंतर सतराव्या दिवशी पंप सुरू झाला, त्या सकाळी माझा हात खरोखर सवयीने गेला होता. काल आणि आज मात्र मी धडधडीत खोटं बोललो.

आम्हा चावीवाल्यांची एक रीत असते. पाणी सोडलं की चावीच्या दांड्याला कान लावायचा. कुठं पाईप फुटला असेल तर आवाजावरून कळतं. खालच्या गल्लीत अगदी शेवटचा नळ माझ्या ताईचा. तिथं पाणी पोचलं की ती उलथन्याने पाईपवर तीनदा ठोकायची. टक, टक, टक. ते लोखंडातून माझ्या कानापर्यंत यायचं आणि मी सायकल पुढे काढायचो. उशीर झाला तर ती चार-पाच वेळा ठोकायची, ते म्हणजे मला शिव्या असायच्या. अठ्ठावीस वर्षांत आम्ही समोरासमोर जेवढं बोललो नसू तेवढं त्या पाईपमधून बोललो.

परवा सवयीने गल्ली सोडली, सवयीने कान लावला आणि पाईप वाजला.

टक. टक, टक.

मी तिथेच रस्त्यावर फतकल मारून बसलो. समोर न्हाव्याने छप्पर उडालेल्या दुकानापुढे खुर्ची मांडली होती. सतरा दिवसांच्या दाढ्या वाढवलेली माणसं रांगेत उभी होती, जणू सगळ्यांना कुठंतरी वेळेवर पोचायचं होतं. कोणीतरी म्हणालं, चावीवाल्यांना चक्कर आली वाटतं. मी म्हटलं, काही नाही, चप्पल तुटली.

ताई सापडलेली नाही. गल्लीतली बाकी सगळी माणसं वादळाआधी शाळेत पोचली, ती तेवढी पोचली नाही. का, ते मला माहीत होतं. त्या दुपारी मीच तिला फोन केला होता. "ताई, चार वाजता जादा पाणी सोडतो. भरून ठेव, मग आठ दिवस मिळायचं नाही." ती म्हणाली, "तू सोडतोयस तर भरते आणि मग निघते." वादळ रात्री यायचं होतं, ते साडेचारलाच आलं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

साहेब गेल्यावर मी पुन्हा दांड्याला कान लावला. पाईप वाजत होता.

"भाऊ, आजही पाणी आलं नाही." मागे ताईची शेजारीण रिकामा कॅन घेऊन उभी होती. सध्या तीही शाळेतच होती. "दोन तास रांगेत उभी राहिले. लेकरांची तोंडंसुद्धा धुतली नाहीत."

मला तिच्याकडे बघवेना. "वहिनी, पाणी मी खाली सोडलंय," मी म्हणालो. "आणि त्या दिवशीही मीच सोडलं होतं. ती माझ्यामुळे थांबली."

मला वाटलं, ती म्हणेल, असं नका बोलू, सगळं नशीब. असंच म्हणतात लोक. ती तसं म्हणाली नाही.

"हो, पाण्यासाठीच थांबली," ती म्हणाली. "मीही थांबले होते. आमच्या नळाला धार नव्हती म्हणून बादल्या घेऊन तिच्याकडे गेले. तिनं मला आधी भरू दिलं. म्हणाली, तुला लेकरं आहेत, तू हो पुढे. माझ्या बादल्या भरल्या, मी निघाले."

मग मी तिला चावी धरायला सांगितली आणि उतरणीवरून खाली गेलो.

गल्ली नव्हतीच. वाळू, दाराच्या चौकटी, एक शिवणयंत्र. घरांची जोती तेवढी ओळखू येत होती, ती मोजत मी शेवटच्यापर्यंत पोचलो. ताईचा नळ उभा होता. त्याचा चौथरा मीच बांधला होता, पण आता तो तडकला होता आणि पाईप कलला होता. पाण्याबरोबर अडकलेली हवा आली की पाईप हिसका खाऊन धुण्याच्या दगडावर आपटत होता. टक. टक, टक.

नळ पूर्ण उघडा होता. पाण्याचा थेंब सांडला तरी जीव तळमळायचा हिचा. तो नळ तिनं उघडा टाकला होता, कारण वादळ आलं तेव्हा ती अजून भरत होती.

मी नळ बंद केला. आवाज थांबला, आणि मी ढसाढसा रडलो. कोणी बघायला नव्हतं, बरंच झालं.

मग एक दगड घेतला आणि पाईपवर तीनदा ठोकलं.

वर आलो तर शेजारीण वाकून दांड्याला कान लावून उभी होती. मला बघून सरळ झाली.

"ऐकू आलं," ती म्हणाली. "तीनदा."

मी मान डोलावली, चावी हातात घेतली आणि पाणी बंद करायला उलटी फिरवू लागलो. त्या गल्लीचे तेरा फेरे. बाराव्याला हात थांबला. शेजारीण कॅन घेऊन उभी होती.

तेरावा फेरा मी दिला. चावी काढून खांद्यावर टाकली आणि तिला म्हणालो, "चला वहिनी, शाळेत पाणी चढत असेल."