डेसच्या केसांची वाट पाहणारी खुर्ची

मी ग्लेनिसच्या गॅरेजमधली केस कापायची खुर्ची बोलतेय. आणि आज मी गोड बोलणार नाही.

माझं तरुणपण ब्रिस्बेनच्या एका मोठ्या सलूनमध्ये गेलं. ते बंद पडलं तेव्हा ग्लेनिसनं मला या उसाच्या गावात आणलं. तिच्या आईला, मर्लला, काही आठवेनासं झालं होतं. तिला एकटं सोडता येईना, म्हणून दुकानच घरात आलं. मर्ल कोपऱ्यात बसून टॉवेलांच्या घड्या घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. बायका यायच्या, चहा व्हायचा. बरं चाललं होतं.

पण शेजारी होता डेस! त्याच्या घरापुढची गवताची पट्टी खरं तर कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची. पण गवत तो कापतो, म्हणून मालकी त्याची. त्याच्या बोटीचा ट्रेलर तिथे चालतो, आमच्या गिऱ्हाइकाचं चाक टेकलं की याच्या पोटात दुखतं. तोंडावर मात्र एक शब्द नाही. कुंपणावरून लिंबं द्यायची, "कशी आहेस गं?" विचारायचं, आणि मागून कौन्सिलला कळवायचं.

कौन्सिलची बाई आली. "वस्तीत घरून धंदा करता येतो, पण तुमची नोंदणी नाही. परवानगी मिळेपर्यंत बंद ठेवा."

"आईला घेऊन मी कुठे जाऊ?" ग्लेनिसनं विचारलं. "तक्रार केली कोणी?"

"नाव सांगता येत नाही."

तेवढ्यात कुणी न विचारता डेस कुंपणावरून ओरडला, "तिथेच लावतात बघा गाड्या!"

मग मी चादरीखाली. माझ्यावर पाली नाचल्या. मर्ल रोज टॉवेल शोधायची आणि रडायची. ते रडणं ऐकूनच मी मनात गाठ बांधली. सोडणार नाही याला.

शेवटी परवानगी मिळाली. एका वेळी एकच गिऱ्हाईक, तेही वेळ ठरवून, गाडी आपल्याच अंगणात.

आणि परवा डेस दारात! मुलीचं लग्न तोंडावर, गावातला न्हावी सुट्टीवर.

"वेळ ठरवलीयस का?" ग्लेनिसनं विचारलं.

"अगं, शेजारी ना मी!"

"नियम आहे, डेस."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण मर्लनं माझ्या पाठीवर थोपटलं. "ये रे बाळा, बस."

ग्लेनिसनं सुस्कारा सोडला. "बरं. कधीची वेळ हवी?"

"आत्ताची."

"ठरली. बस."

बसला. मला वर-खाली करणाऱ्या पायडलचं तेल जरा गळतं, हे खरं आहे. पण मी दम धरला. केस कापायचं मशीन त्याच्या मानेवर टेकेपर्यंत मी हूं की चूं केलं नाही. मग एकदम खाली बसले. मशीन मानेवरून थेट टाळूपर्यंत गेलं. मधोमध सफाचट पट्टी, त्याच्या दारापुढच्या गवतासारखी.

"अरे देवा! खुर्ची म्हातारी झालीय रे, डेस!" ग्लेनिस म्हणाली.

मर्ल कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

ग्लेनिस म्हणते, पायडल दुरुस्त करून घ्यायला हवं. घे बाई, जरूर घे. फक्त एवढी घाई करू नकोस. डेसचे केस पुन्हा वाढतील.