कैरोच्या घारीचा शेवटचा मुका

'कैरोची घार' या आमच्या मालिकेत दिवसा शाळेत शिकवणारी एक मुलगी मुखवटा चढवून गच्च्यांवरून उडायची, गुंडांना झोडपायची आणि ज्या फौजदारावर तिचा जीव होता त्याला मात्र चेहरा कधीच दाखवायची नाही. घार होती शाहीनाज. फौजदार होता वगदी, तिचा खरा नवरा. दोघांचे चेहरे मी रंगवायची.

दुसऱ्या हंगामात उडताना तार तुटली आणि शाहीनाजचा उजवा खुबा मोडला. आमचे निर्माते हाजी मुख्तार इस्पितळात फुलं घेऊन गेले, आणि तिचे टाके निघायच्या आत मुखवट्यामागे रीम उभी राहिली. सर्कशीतली पोर, वेतासारखी लवचिक. लोकांच्या कानात आवाज मात्र शाहीनाजचाच बसलेला. मग रीम उडायची, वगदीच्या मिठीत शिरायची, आणि शाहीनाज काठी टेकत येऊन ध्वनिमुद्रणाच्या काचेच्या खोलीत त्या मिठीतले शब्द बोलून जायची.

शेवटचा हंगाम लागला तोवर वगदी घर सोडून रीमकडे राहायला गेला होता. हे स्टुडिओतल्या चहावाल्यालाही माहीत होतं. शाहीनाजने तरी एक उसासा चुकवला नाही. एकदा ध्वनिमुद्रण करणाऱ्यालाच राहवेना, त्याने यंत्र थांबवून जरा बसता का म्हणून विचारलं. श्वास तोकडा पडलाय, परत लाव, एवढंच ती म्हणाली.

शेवटच्या भागात फौजदार घारीचा मुखवटा काढतो. रीम त्या एका दृश्यासाठीच थांबली होती. आता माझा चेहरा दिसणार, असं तिने आपल्या गावी, तांताला, आईला कळवलं होतं आणि आईने साऱ्या गल्लीला. वगदीनेही तिला शब्द दिला होता. पण हाजींनी फर्मावलं की मुखवट्याखालून परकी पोर निघाली तर लोक टीव्ही फोडतील. बोलावणं शाहीनाजला गेलं.

ती आली. तिची एकच अट होती: पायावर भार पेलत नाही, तेव्हा कॅमेऱ्यात दिसणार नाही असं कुणीतरी खालून धरायला हवं. हाजी म्हणाले, दोन गडी देतो.

"परके पुरुष माझ्या कमरेला हात लावणार नाहीत," शाहीनाज म्हणाली. "रीम धरेल. माझी जागा सांभाळायची सवय आहे तिला."

रीमने वगदीकडे पाहिलं. वगदी बाहीचं बटण लावत होता.

रीम गुडघ्यांवर बसली आणि तिने शाहीनाजच्या मोडक्या खुब्याखाली खांदा दिला. वर वगदीने मुखवटा काढला, मुका घेतला, माफी मागितली. शाहीनाज आपलं वाक्य विसरली. पुन्हा घेतलं. पुन्हा विसरली. इतक्या वर्षांत तिचा शब्द चुकलेला मी ऐकला नव्हता. दुपार कलल्यावरची अस्रची अजान झाली तरी आम्ही तिथेच. दिव्यांच्या धगीत खाली रीमचं अंग थरथरत होतं आणि दर खेपेला शाहीनाज तिच्यावर थोडा जास्त भार टाकत होती. घाम टिपायला मी जवळच होते, मला ते दिसत होतं.

"पुरे कर," वगदी पुटपुटला. "मरेल ती खाली."

"मग जा, हाजींना सांग, 'हे दृश्य मी करत नाही' म्हणून," शाहीनाज म्हणाली.

हाजींच्या पुढच्या सिनेमाचा नायक वगदीच होता. तो जागचा हलला नाही.

पुढच्या खेपेला मुका चालू असतानाच रीमचा खांदा निखळला. ती ओरडली नाही, आवाज मुद्रणात गेला असता. तिने दात ओठांत रुतवले आणि दुसऱ्या हाताने शाहीनाजला तोलून धरलं. त्याच क्षणी शाहीनाज बोलली, "तू मला ओळखशील म्हणूनच मी लपत होते." डोळ्यांतून खरं पाणी वाहत होतं. दिग्दर्शक उठून उभा राहिला.

रमजानमध्ये तो भाग लागला तेव्हा अख्खा देश रडला. रीमच्या आईची गल्लीने इतकी टर उडवली की ती महिनाभर दाराबाहेर पडली नाही. वगदीने रीमला इस्पितळात दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा केलाच नाही. तिचा हात आता खांद्याच्या वर जात नाही, म्हणून सर्कशीनेही तिला परत घेतलं नाही.

ईदला मी शाहीनाजकडे जेवायला गेले. तिने मला मुलुखियाची पातळ पालेभाजी वाढली आणि सहज विचारलं, "कुठला खांदा गं तिचा?"

"उजवा."

"हं," ती म्हणाली, आणि पुढ्यातली भाकरी मोडून खाऊ लागली.