भेटीचा हात

आजाऱ्याला पाहून न येणाऱ्याला आमच्याकडे माणसांत धरत नाहीत. म्हणून कस्तुराबाई चाकूरहून लातूरच्या दवाखान्यात निघाली, तेव्हा भावकीनं जीप भरली. तिची सून सिंधु जमिनीवर झोपलेली असताना तिला मण्यार चावली होती. श्वास बंद पडला, म्हणून यंत्रावर ठेवलेली. विष उतरत आलंय, लवकरच यंत्र काढू, असं डॉक्टरांनी सिंधुच्या नवऱ्याला, रामकिशनला सांगितलं होतं.

साल दुष्काळाचं. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. अतिदक्षता विभागाच्या दाराशी नर्सनं हात धुवायला सांगितलं, तर कस्तुराबाईनं नळच बंद केला.

"प्यायला पाणी न्हाई अन् हात कशाला धुता, बाई?"

सगळे तसेच आत घुसले. कस्तुराबाई मोठी मायाळू. प्रत्येक खाटेशी थांबून कपाळावरून हात फिरवत गेली. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा यंत्रावर होता, त्याच्या तोंडातून गळणारा कफ तिनं पदरानं पुसला. मग त्याच हातानं सिंधुचे ओठ पुसले, तोंडातली नळी सारखी केली.

सिंधुला ताप चढला. न्यूमोनिया झाला. म्हाताऱ्याच्या छातीतले जंतू तिच्या छातीत सापडले आणि ते एकाही औषधाला दाद देईनात. सापाच्या तावडीतून सुटलेली पोर हकनाक गेली. डॉक्टरांनी कुणाचं नाव घेतलं नाही. हे जंतू हातांवरून जातात, एवढंच म्हणाले. कस्तुराबाई आपल्या हातांकडे बघत बसली.

उन्हाळा सरायच्या आत तिच्या थोरल्या दिरांना, किशनरावांना तिथंच यंत्रावर ठेवावं लागलं. पुन्हा जीप भरली. या वेळी कस्तुराबाईनं टँकरच्या पाण्याची घागर सोबत घेतली आणि विभागाच्या दारात आडवी उभी राहिली. आत फक्त किशनरावांची बायको, भामाबाई जाईल, तीही हात धुऊन, असं तिनं सांगितलं. भावकी चिडली.

धाकटा दीर साहेबराव म्हणाला, "वहिनी, न भेटता माघारी गेलो तर लोकं काय म्हणतील?"

"म्हणू द्या. माझ्या मायेनं माझी सून मारली, भावजी. तुमची बाहेरच ठेवा."

तिनं भामाबाईच्या हातावर साबण ठेवला आणि घागर कलती केली.