काकासाहेबांच्या नावच्या उठाबशा

काकासाहेबांचा कॅन्सर गेला, असं डॉक्टरांनी श्रावणात सांगितलं. जाताना तो काकासाहेबांचे केस, भुवया, बावीस किलो वजन आणि दोन्ही पायांतला जोर घेऊन गेला. केस येतील, वजनही येईल, असं डॉक्टर म्हणाले. पायांचं मात्र त्यांनी खुर्ची पुढं ओढून सांगितलं. रोग हटलाय, पण हा माणूस असाच खाटेवर पडून राहिला तर दुसरंच काहीतरी त्याला घेऊन जाईल. छातीत कफ साठेल, पाठीला जखमा होतील. त्यांना उठवा. हे सगळं ते नंदाबाईंकडे बघून बोलले, कारण काकासाहेब तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. चर्चा शेजाऱ्याच्या बैलाची चालली असावी, असा त्यांचा चेहरा होता.

म्हणून मग जाफराबादकडच्या आपल्या गावातून एक जीप करून नंदाबाईंनी नवऱ्याला जालन्याला आणलं. तिथल्या एका दवाखान्यात आजारातून उठलेल्या माणसांना पुन्हा चालतं करायचा वॉर्ड होता. मुदत तीन आठवड्यांची. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एकच परीक्षा होती. जमिनीवर बसायचं आणि कुणाचा हात न घेता उठायचं. खुर्चीला धरलं तर चालेल, माणसाला धरायचं नाही.

"जे हितून आपल्या पायानं जातात ते घरी बी चालतात, काकू," तिथली फिजिओथेरपिस्ट इरम म्हणाली. "जे उचलून जातात ते खाटेवरच राहतात. मी लई पाह्यलेत."

इरम जालन्याचीच, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, पायात पांढरे बूट, आणि आवाज असा की वॉर्डातली झोपलेली माणसंही पाय हलवायला लागत. चाळीस पेशंट आणि ती एकटी. त्यामुळे सकाळचा व्यायाम ती स्वतः करून घ्यायची. दुपारचा आणि संध्याकाळचा पेशंटनं आपला आपण करायचा आणि खाटेला अडकवलेल्या तक्त्यावर सोबतच्या माणसानं खूण करायची. खुर्चीवरून उठाबशा, तीस दुपारी, तीस संध्याकाळी. भिंत ढकलणं वीस वेळा. व्हरांड्यात फेऱ्या, जमतील तितक्या.

नंदाबाई सातवी शिकलेल्या. त्यांनी तक्ता नीट वाचला, पेन मागून घेतलं आणि पहिल्या दिवसापासून एकही खूण चुकवली नाही.

सकाळी मात्र काकासाहेबांचं काही खरं नसायचं. इरमनं दंडाला धरून उभं केलं की तिसऱ्याच उठाबशीला त्यांना घाम फुटायचा. कधी म्हणायचे, "आज जरा कणकण वाटून राह्यली," कधी म्हणायचे, "जेवण बसलंय छातीत." इरम तक्ता बघायची, मग काकासाहेबांच्या मांड्या बघायची, मग परत तक्ता. कागदावर माणूस रोज साठ उठाबशा मारत होता आणि मांड्या तुरीच्या काड्यांसारख्या त्या तशाच होत्या. तिनं रक्त पुन्हा तपासायला पाठवलं. आहारात दोन अंडी वाढवली. आपल्या मोठ्या डॉक्टरांना तिनं विचारलं, तेही बुचकळ्यात पडले.

बाराव्या दिवशी दुपारी तीनला इरम एका पेशंटचा कागद शोधत अवेळी वॉर्डात आली. काकासाहेब खाटेवर उशीला टेकून पडले होते. समोर नंदाबाई, पदर कमरेला खोचून, खुर्चीवरून उठत होत्या आणि बसत होत्या. काकासाहेब मोजत होते.

"एकवीस. बावीस. पुरती टेक की खाली, अर्धवट धरत न्हाई मी. तेवीस."

शेजारच्या खाटेवरचे फकरोद्दीनचाचा, खुब्याचं हाड मोडून आलेले, मोठ्या आदरानं हे बघत होते. त्यांना वाटत होतं, हा कार्यक्रम दवाखान्याचाच आहे.

"काकू," इरम म्हणाली, "हे काय करून राह्यल्या तुम्ही?"

"ह्यांच्या उठाबशा," नंदाबाई म्हणाल्या. त्यांना दमही लागला नव्हता.

"काकांच्या?"

"ह्यांच्या नावच्या."

इरम स्टुलावर बसली.

नंदाबाईंच्या मते यात लबाडी कुठंच नव्हती. काकासाहेबांच्या तब्येतीसाठी जे काही करायचं ते आजवर दुसऱ्यानंच केलं होतं. लहानपणी त्यांना गोवर आला तेव्हा त्यांच्या आईनं उपास धरले. लग्नानंतर ते काम नंदाबाईंकडे आलं. सोळा सोमवार त्यांनी केले, राजूरच्या गणपतीला अनवाणी त्या गेल्या, आणि केमो चालू होता ते पाच महिने त्यांनी भात सोडला. काकासाहेब तेव्हा भात खात होते. आणि गुण कुणाला आला? काकासाहेबांना. इतका रोखठोक अनुभव पाठीशी असताना उठाबशांनीच काय घोडं मारलं होतं? माणूस अशक्त आहे, तर त्याच्या घरच्यानं कराव्यात. नंदाबाई रोज आंघोळ करून, गणपतीचं नाव घेऊन, काकासाहेबांचा चेहरा डोळ्यांपुढं आणूनच बसायच्या आणि उठायच्या. डोळ्यांपुढं आणायला कष्ट नव्हते, ते समोरच असायचे.

हे सगळं त्यांनी इरमला समजावून सांगितलं. इरमनं ऐकून घेतलं.

"आमच्या घरी अब्बा रोजे चुकवायला लागले तर अम्मी साफ सांगते, तुमचे तुम्ही धरा," ती म्हणाली. "एकाचे दुसऱ्याला चालत न्हाईत."

"तुमच्यात नसंल. आमच्यात चालतं."

"देवाकडं चालत असंल, काकू. मांडीत न्हाई चालत." इरमनं त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं. "तुमचे गुडघे दुखायचे ना? आल्या त्या दिवशी जिन्यात बसल्त्या तुम्ही."

गुडघे दुखायचे थांबले होते. कधी थांबले, हे नंदाबाईंना कळलंही नव्हतं. काल त्या दोन जिने चढून, हातात डबा घेऊन, न थांबता आल्या होत्या. नवऱ्याच्या वाटचं आपण खाल्लं, असं त्यांना वाटलं. बारा दिवस रोज, मोजून साठ घास.

"मॅडम, मंग आता?" त्या म्हणाल्या. "किती दिवस राह्यले?"

"नऊ. आजपासून तुमचे हात बांधलेले. भरवायचं न्हाई, उठवायचं न्हाई, कूस बदलायची न्हाई. पडले तर मी हाय. तुम्ही नुसतं बसायचं."

"नुसतं?"

"बिलकुल नुसतं."

काकासाहेब खिडकीबाहेर बघत होते.

इरम गेल्यावर नंदाबाईंनी विचारलं, "तुम्ही तरी का गप राह्यले हो? तुम्हाला ठावं होतं ना हे चालत न्हाई म्हणून?"

फकरोद्दीनचाचांनी समजूतदारपणे पाठ फिरवली, म्हणजे खुबा जितका फिरू देतो तितकी.

"मी करून पाह्यलं असतं अन् झालं नसतं तर?" काकासाहेब म्हणाले. "मंग काय राह्यलं असतं? तू करून राह्यली होती तवर वाटायचं, होतंय कायतरी." त्यांनी चादर छातीपर्यंत ओढली. "मला भेव वाटतं, नंदा."

चौतीस वर्षांच्या संसारात काकासाहेबांनी सापाचं, पोलिसाचं, पावसाचं, कशाचंही भय बोलून दाखवलं नव्हतं. नंदाबाईंचा हात आपोआप उशी सरळ करायला गेला. वाटेतच तो त्यांनी मागं घेतला.

पुढचे नऊ दिवस कुणाचेच बरे गेले नाहीत. पहिल्या दिवशी काकासाहेबांच्या हातून वरण सदऱ्यावर सांडलं आणि नंदाबाई ते वाळताना बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी सदऱ्याची गुंडी खालच्या काजात घातली आणि तो तिरपा सदरा संध्याकाळपर्यंत अंगावर मिरवला. नंदाबाईंच्या हातांना चैन पडेना. त्यांनी फकरोद्दीनचाचांच्या बायकोला, अजीजुन्निसाबीला, मेथी निवडून दिली. मग वॉर्डातल्या तीन अनोळखी पेशंटांच्या चादरी बदलून दिल्या. चौथ्या दिवशी इरमनं त्यांना तिथूनही उठवलं, कारण तेही लोक आयते पडून राहायला लागले होते.

काकासाहेब चार उठाबशांवरून सातावर आले, सातावरून अकरावर. रागानं आले. बायको समोर हातावर हात ठेवून बसलीय, हे त्यांना सोसत नव्हतं. शेवटी शेवटी ते तिच्याशी बोलेनासे झाले आणि तोंडानं मोठमोठ्यानं आकडे तेवढे म्हणायला लागले.

एकविसावा दिवस शनिवार. इरमनं दोन खाटांच्या मध्ये सतरंजी अंथरली, बाजूला लोखंडी खुर्ची ठेवली. काकासाहेब खुर्चीला धरून धरून खाली गेले आणि टेकले. नेमक्या त्याच वेळी त्यांची मोठी बहीण उषाबाई शेंगदाण्याचे लाडू घेऊन भेटायला आली.

"उठा काका," इरम म्हणाली. "शिकवलं तसं. आधी कुशीवर, मंग गुडघ्यावर, मंग खुर्ची."

काकासाहेब कुशीवर वळले. गुडघ्यावर येता येता हात लटपटला आणि ते पुन्हा सतरंजीवर आले. दुसऱ्यांदा खुर्चीपर्यंत पोचले, पण पाय सरकला. तिसऱ्यांदा नुसतेच पडून राहिले, छाती भात्यासारखी हलत होती.

उभ्यानं, वरून हे बघणं नंदाबाईंना जमेना. त्या सतरंजीच्या काठावर त्यांच्यासमोर खाली बसल्या.

"अगं बाई, माणूस भुईवर पडलाय अन् तू बघत बसलीस?" उषाबाईचा आवाज वॉर्डभर गेला. "दगड हाय का काय तू? सरक बाजूला, मी उठवते त्याला."

उषाबाई पुढं झाली. नंदाबाईंनी तिचं मनगट धरलं. चौतीस वर्षांत त्या नणंदेला उलटून बोलल्या नव्हत्या, आजही बोलल्या नाहीत. फक्त मनगट सोडलं नाही. उषाबाईनं एकदा हिसका दिला, दुसऱ्यांदा द्यायचा विचार केला आणि खाटेवर बसली.

"नंदा," काकासाहेब खालून म्हणाले. नऊ दिवसांत पहिल्यांदाच नाव घेत होते. "दे की हात."

वर्षभर या माणसाला नंदाबाईंनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. तोंड पुसलं होतं, भांडं दिलं होतं, गळालेले केस उशीवरून वेचून ते पदरात लपवले होते. त्यानं हात मागावा आणि आपण देऊ नये, यापेक्षा मरण बरं, असं त्यांना खरोखर वाटलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

काकासाहेबांनी नंदाबाईंकडे बघितलं. मग त्यांच्या मानेची शीर फुगली. "न्हाई तर न्हाई!" ते ओरडले, आणि त्या ओरडण्यासरशी कुशीवर झाले. गुडघ्यावर आले. खुर्चीची दांडी त्यांनी अशी आवळली की बोटं पांढरी पडली. एक पाऊल खाली रोवलं. मधेच, अर्ध्यात, ते थांबले. फकरोद्दीनचाचांनी "या अल्लाह" म्हणून डोळे मिटले. दुसरं पाऊल आलं. आणि काकासाहेब उभे होते, खुर्चीला धरून, पांढऱ्याफटक चेहऱ्यानं, पण उभे.

इरमनं तक्त्यावर खूण केली. तिची ती खूण जरा वाकडी आली.

उषाबाई लाडवाचा डबा पोटाशी धरून रडत होती. काकासाहेबांचा दम हळूहळू खाली बसला. मग त्यांनी खाली बघितलं.

"चल ऊठ आता," ते म्हणाले.

नंदाबाईंनी उठायचा प्रयत्न केला. त्या एका 'न्हाई'लाच त्यांचा सगळा जोर लागला होता. हाताला जमीन लागत होती, पण अंगात काहीच नव्हतं. त्यांनी पुन्हा जोर केला आणि पुन्हा खाली बसल्या. त्यांना हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, आणि मग ते थांबवताच येईना.

काकासाहेबांनी डावा हात खुर्चीवर घट्ट ठेवला आणि उजवा खाली केला.

इरम पुढं व्हायला निघाली होती, ती जागीच थांबली.

वर्षभर हा हात नंदाबाईंनी धरला होता. सुया टोचताना, उलट्या होताना, रिपोर्टची वाट बघताना. तेव्हा तो त्यांच्या हातात ओल्या फडक्यासारखा पडून असायचा, सगळा जोर त्यांचाच असायचा. आज त्यांनी तो धरला आणि सवयीनं स्वतःच जोर लावायला गेल्या. त्याची गरज पडली नाही. हात त्यांना वर ओढत होता.