अकरा कप चहाची थाप

मला थापा मारायला आवडतं, हे आधीच सांगून टाकते. ही गोष्ट मात्र खरी आहे, म्हणून सांगताना जरा अडखळेन.

ऑक्टोबर होता. अमेरिकेत, नेपरव्हिलला माझ्या लेकाकडे, यतीनकडे, सहा महिने झाले होते आणि पुढच्या गुरुवारी मी पुण्याला परत निघणार होते. ग्रीन कार्ड आहे हो माझं, पण दर वर्षी ऐटीत जाते. "तुमच्याकडे शेजारी दिसतो तो गाडीच्या काचेतून. माझ्याकडे सकाळी अकरा कप चहा होतो!" असं ऐकवून.

त्या दिवशी नात वही घेऊन बसली होती. इला, नववीतली. शाळेचं प्रोजेक्ट होतं: जपानी आणि अमेरिकन कुटुंबं, तेव्हाची आणि आताची.

"लिही," मी म्हटलं. "जपानात चार पिढ्या एका छपराखाली. सासू नुसती शिंकली की सून काढा घेऊन हजर. अमेरिकेत अठराव्या वाढदिवसाला पोराच्या एका हातात केक देतात, दुसऱ्या हातात बॅग."

"आजी, यू आर मेकिंग दिस अप!"

"छे गं! डोळ्यांनी पाहिलंय."

तिने मला ओढतच नेलं. आधी डावीकडच्या डोनाकडे. पक्की अमेरिकन बाई. दारातच मी आ वासला. टेबलाशी डोना, शेजारी वॉकर टेकवून तिची आई शेंगा सोलत बसलेली, आणि बेसमेंटमधून चौतीस वर्षांचा मुलगा, बायको, कडेवर बाळ, असे सगळे वर आले. चार पिढ्या! बाथरूमच्या दारावर कोणी कधी जायचं याचं टाइमटेबल चिकटवलेलं.

"मी अठराव्या वर्षी घर सोडलं," डोना म्हणाली, "आणि आठवड्याच्या आत आईने माझ्या खोलीत शिवणाचं मशीन मांडलं."

"चार दिवसांत," म्हातारी शेंगेतून मान वर न करता म्हणाली.

"आता पोरांना घरं परवडत नाहीत. हा परत आला, मग म्हटलं आईलाही आणू."

माझी केकची थाप घशातच राहिली.

मग उजवीकडच्या काझुकोबाई. जपानी, नवरा-बायको दोघंच. घर इतकं शांत की स्लिपर घालून चालायचीही चोरी वाटावी. लहानपणी घरात आठ माणसं होती म्हणाल्या. आजोबा आधी गरम पाण्याच्या टबात बसायचे, मग त्याच पाण्यात एकेक करून सगळे, शेवटी ह्या.

"आणि आता?" इलाने विचारलं.

"आता आई त्र्याण्णव वर्षांची आहे. तिकडे एकटीच असते. एकटीसाठी टब भरत नाही ती."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पाच वाजले होते, म्हणजे जपानात सकाळचे सात. त्यांनी मेसेज वाचला आणि खांदे सैल सोडले. "आईने चहाचं पाणी घेतलं."

"आईने कळवलं?" इलाने विचारलं.

"नाही. किटलीने."

मी तोंडावर हातच ठेवला. आजवर इतक्या थापा मारल्या, पण चुगली करणारी किटली मलासुद्धा सुचली नव्हती! बटण दाबलं की लेकीला मेसेज. सकाळी आला नाही, तर लेक शेजाऱ्यांना फोन लावते.

"आजी, पुण्यात तुझं कसं असतं? कंपॅरिझनला घेते," इला म्हणाली.

मी सुरू झाले. "सकाळी अकरा कप! खालची गिरिजा येते, भजनातल्या बायका येतात, पोस्टमन तर बशीसकट..."

इलाने इंग्रजीत सांगितलं. काझुकोबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "माझी आईही असंच सांगायची," त्या म्हणाल्या. "रोज पाहुणे. मग मी ही किटली पाठवली, तर मेसेज दोनच. सकाळी एक कप, संध्याकाळी एक कप."

आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

इलाची पेन्सिल थांबली. "आजी? हाऊ मेनी कप्स?"

माझ्याकडे कधीही दहा गोष्टी तयार असतात. त्या वेळी त्या सगळ्या बाजूला ठेवल्या.

"एक," मी म्हटलं. "तोही कधीकधी अर्धा ओतून टाकते."

रात्री जेवताना पोरीने बापाला सगळं सांगितलं. यतीनचा घास हातातच राहिला.

"आणि गिरिजाकाकू?"

"ती दोन वर्षांपूर्वीच लेकीकडे बंगलोरला गेली."

"अगं, मार्चमध्ये तू म्हणालीस, तिने पुरणपोळ्या आणल्या!"

"पोळ्या खऱ्या होत्या रे. दुकानातल्या."

कोणी हसलं नाही. सुनेने, आश्लेषाने, हळूच वाढायचा डाव खाली ठेवला. यतीनने ताट बाजूला सारलं. "आई, तुला परत जायचंय का? खरं सांग."

इतक्या वर्षांत तिकीट कधीचं काढू हे त्याने दर वेळी विचारलं. हे पहिल्यांदाच.

"नाही," मी म्हटलं, आणि माझ्याच आवाजाने दचकले.

त्याने तिथल्या तिथे तिकीट कॅन्सल केलं, उष्ट्या हाताने.

प्रोजेक्ट परत आलं. जपानी किटलीच्या बाजूला शाळेतल्या बाईंनी 'वा!' लिहिलं होतं. माझ्या एका कपाखाली मात्र लाल रेघ: "हे खरं आहे? आजींना पुन्हा विचार."

आयुष्यात एकदा खरं बोलले, तर ही तऱ्हा! इलाला म्हटलं, जा, बाईंना चहाला बोलाव. समोर बसवून सांगते. डोनाच्या आईलाही ये म्हणावं, आणि काझुकोबाईंना. आम्ही चौघी धरून किती कप झाले, मोज.