मागच्या भिंतीचा ब्रश

मित्रांनो, मी एक जुना, लांब दांड्याचा ब्रश आहे. दात घासायचा नव्हे, घरं घासायचा. आमच्या डोंगरात पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा ठाण मांडून राहतो. जंगल अंगणाला खेटलेलं, त्यामुळे उन्हाला आत यायला वाट नाही. भिंतीकडे वर्षभर पाठ फिरवलीत, की ती हिरवी झालीच म्हणून समजा.

कारखान्यात एका बाईंनी माझ्या फळीच्या भोकांत मऊ केसांचे झुबके एकेक करून ओवले आणि मी घरं धुणाऱ्या काकांच्या हाती आलो. वीस वर्षं आम्ही जोडीनं राबलो. लोक म्हणत, "काकांच्या हाताला यश आहे." झिजत मी होतो, पण ते असो. एवढ्या वर्षांत मी माणसांना भिंतींवरून ओळखायला शिकलो. रस्त्याकडची भिंत प्रत्येकाला लख्ख हवी असते. मागची दाखवली, की म्हणतात, "तिकडे कोण बघतंय?" शेवाळ बघतं, मित्रांनो.

मग काकांचा गुडघा गेला. शिडी चढणं बंद झालं आणि काम पुतणीकडे आलं. तिनं जोरात पाणी मारणारं मशीन आणलं. दगडी पायऱ्या चुटकीसरशी साफ होऊ लागल्या. मी शेडमध्ये दाराला टेकू म्हणून उभा राहिलो. दोन वर्षं माझ्या केसांत कोळ्यांनी संसार थाटले.

एके दिवशी निवृत्त पोस्टमास्तरांच्या लाकडी घराची मागची भिंत धुताना पुतणीनं तेच मशीन लावलं. परतली ती चेहरा पाडून.

"शेवाळ निघालं, पण हातभर रंगही निघाला, म्हणून तिथंच थांबले," तिनं काकांना सांगितलं. "मास्तर म्हणतात, आता काकांनाच पाठव. तुम्ही गेलात, तर मला इथं कोणी काम देणार नाही."

"मी येतो, पण बसायला," काका म्हणाले. "तोंड उघडणार नाही."

"तुम्ही?"

"बघ तर खरं."

तिनं दाराचा टेकू काढला. कोळ्यांना नोटीस मिळाली.

काका मास्तरांच्या अंगणात छत्रीखाली स्टुलावर बसले. पुतणीनं मला साबणाच्या पाण्यात बुडवलं आणि भिंतीच्या तळापासून वर घासायला सुरुवात केली.

मास्तर लगेच म्हणाले, "अगं, उलटं काय करतेस? अंघोळ डोक्यावरून करतात."

काकांनी तोंड उघडलं. पुतणीनं एकदाच मागं वळून पाहिलं. काकांनी छत्रीचा दांडा घट्ट धरला आणि तोंड मिटलं. वीस वर्षांत मी त्यांना एवढं जड काम करताना पाहिलं नव्हतं.

"वरून साबण लावला, तर मळकं पाणी कोरड्या लाकडावर ओघळतं, मास्तर," पुतणी म्हणाली. "ते डाग लाकूड पिऊन टाकतं, मग निघत नाहीत. खालचं आधी भिजवायचं. साध्या पाण्यानं धुवायचं ते मात्र वरून खाली. आणि गेलेला रंग मीच लावून देईन, लाकूड वाळलं की."

"इथं वाळणार कधी?"

"तेवढं मात्र माझ्या हातात नाही."

मास्तरांना हसू आवरेना. दुपारपर्यंत मागच्या भिंतीचा निळा रंग वर आला. मशीननं खरवडलेला तो हातभर तुकडा सोडला, तर कुठं ओघळ नाही की ओरखडा नाही. भिंतीवरून हात फिरवून मास्तरांनी काकांना विचारलं, "पुढच्या वर्षी तुम्ही येणार ना?"

"तारीख तिला विचारा," काका म्हणाले. "मला सवड आहे का, तेही तिलाच ठाऊक."

मित्रांनो, मशीनवर माझा राग नाही. पायऱ्या त्यानं खुशाल धुवाव्यात, लाकूड माझ्याकडे द्यावं. माझी विनंती एवढीच, काम झालं की ब्रश साध्या पाण्यात खळबळून धुवा आणि केस खाली करून टांगा. उभा ठेवलात, तर पाणी फळीत मुरतं आणि झुबके सुटतात. पुतणीनं त्या संध्याकाळी मला असंच टांगलं. काकांनी पाहिलं आणि सांगण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून चहा टाकायला आत गेले.