मेण सुकलेला पिकअप

सलोनीने गिटार उचलून तोंडाशी धरली आणि तारांखालच्या काळ्या पट्टीत म्हणाली, "हॅलो, हॅलो. ऐकू येतंय का मंडळी?"

समोरच्या अँपमधून, गिटारच्या त्या स्पीकरच्या खोक्यातून, तिचाच आवाज बाहेर आला. थोडा पत्र्याचा, पण शब्द न् शब्द कळेल असा.

जितेंद्रने वाकून अँपच्या मागे पाहिलं. मागे भिंत होती.

"माइक कुठाय?"

"माइक नाहीये, काका. हाच तर तुमचा प्रॉब्लेम आहे."

सलोनीचं दुकान नया नगरात एका मोबाइलवाल्याच्या माळ्यावर होतं. खाली संध्याकाळी कबाबची शेगडी पेटायची. त्यामुळे दुरुस्तीला आलेलं प्रत्येक वाद्य घरी परतताना थोडं मसालेदार होऊनच परतायचं. तिने गिटार टेबलावर ठेवली आणि पट्टीवर नखाने टकटक केलं. अँपमध्ये कोणीतरी दार वाजवल्यासारखं झालं.

ती पट्टी म्हणजे पिकअप. आत चुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तारेची वेटोळी. गिटारच्या तारा थरथरल्या की ही पट्टी ती थरथर अँपकडे पोचवते. बनवताना ही वेटोळी मेणात बुडवून घट्ट करतात. जितेंद्रच्या गिटारमधलं मेण भाईंदरच्या खाऱ्या हवेत केव्हाच सुकून गळालं होतं. सुटी झालेली वेटोळी आता समोर येईल ते ऐकत होती. टेबलाचा धक्का, माणसाचं बोलणं, आणि आवाज वाढवला की स्वतःच्याच अँपचाही आवाज. स्वतःचा आवाज ऐकला की पिकअप किंचाळायचा. हा दोष पुष्कळ माणसांतही असतो, पण माणसं बदलून मिळत नाहीत.

"परत मेणात बुडवला तर?" जितेंद्रने विचारलं.

"आतली तार कुजलीये. हात लावला की तुटणार. काढला तरी तुटणार. हा गेला असं धरूनच चाला. नवीन बसवू."

कॉलेजमधला त्याचा बँड पुष्कळ वर्षांनी एकत्र येत होता. रविवारी संध्याकाळी, मीरा रोडच्या एका हॉलमध्ये. कौस्तुभ ड्रम्सवर. मधली वर्षं तो मॉड्युलर किचन बसवत होता, त्यामुळे ड्रम्ससुद्धा ओट्याच्या मापाने मांडायचा. गेल्या प्रॅक्टिसला जितेंद्रची गिटार गाण्याच्या मधोमध अशी किंचाळली की हॉलच्या वॉचमनने मेन स्विच बंद केला. कौस्तुभने शांतपणे सांगितलं होतं, "जित्या, ही किंकाळी शनिवारपर्यंत बंद कर. नाहीतर माझा भाचा अनिश वाजवेल. पोरगा बघून बघून सगळी गाणी शिकलाय." दुसऱ्याची गिटार मागून आणायची सोय नव्हती. जितेंद्र डावखुरा होता. उलट्या तारांची गिटार उसनी मिळणं उसना चष्मा मिळण्यापेक्षा कठीण.

सलोनीने तीन डब्या उघडून समोर मांडल्या.

"हा सिरॅमिक चुंबकाचा. रागीट आहे. साधं काही वाजवलं तरी भांडल्यासारखं वाटतं. हा अल्निको, म्हणजे जुन्या वळणाचा. भरीव आहे, पण सांभाळून घेतो. आणि हा बॅटरीवर चालतो. एकदम साफ, पण स्वभाव नाही."

जितेंद्रला आपण स्थळं बघायला आल्यासारखं वाटलं.

"तुम्हाला आवाज कसा पाहिजे?"

"मोठा," तो म्हणाला. मग विचार करून म्हणाला, "पण उद्धट नको."

"हार्ड रॉक वाजवता ना?"

"हो."

"मग थोडा उद्धट लागेल, काका. तिन्हीचे नमुने मोबाइलवर पाठवते, रात्रभर ऐकून ठरवा. उद्या सकाळी या, तासाभरात बसवून देते."

भाईंदरच्या इंद्रलोक भागातल्या घरी पोचल्यावर त्याने आधी बायकोला, सुरुचीला, हाक मारली. ती कणकेच्या हातांनी बाहेर आली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर पंढरीनाथ, जितेंद्रचे वडील, नेहमीसारखे बसले होते.

"यात बोल काहीतरी."

"गिटारमध्ये? काय बोलू?"

"काहीही."

ती वाकली. "दळण आणायचंय," ती म्हणाली, आणि बाल्कनीजवळच्या अँपने ते घरभर जाहीर केलं. सुरुची आधी दचकली, मग हसली. "हेच सकाळपासून तोंडाने सांगतेय. आता मशीनने सांगितलं, आतातरी आण."

पंढरीनाथ खुर्चीतून उठले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होऊन दीडेक वर्ष झालं होतं. आजार गेला आणि जाताना आवाज घेऊन गेला. उरला तो नुसता वारा. एके काळी ते सोसायटीचे सेक्रेटरी होते. ते सभेत बोलले की सभेला न आलेल्यांनाही ठराव घरबसल्या कळायचे. आता त्यांचे ओठ हलत. हलायचे थांबले की घरातलं जे कोणी जवळ असेल ते मोठ्याने "हो बाबा!" म्हणत असे. 'हो' म्हटल्यावर ते पुढे काही बोलत नसत, त्यावरून ते समाधानी आहेत असं घरात सर्वांचं मत झालं होतं. त्यांच्यासाठी कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणला होता, शिक्षक वापरतात तसला. एकदा लावून त्यांनी दोन्ही हातांनी हातगाडी ढकलल्याचा अभिनय केला आणि भंगारवाल्याचा तो भोंगा परत खोक्यात गेला. लिहायला पाटीही आणली होती. तिच्यावर त्यांनी एकच वाक्य लिहिलं: 'मी शाळेत नाही.'

जितेंद्रने गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली आणि आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. पंढरीनाथ वाकले. त्यांचे ओठ जवळजवळ तारांना टेकले. अँपमध्ये आधी खरखर झाली, मग शब्द आले.

"आमटीत मीठ नव्हतं."

त्यांच्या मागोमाग तारा हलकेच गुणगुणत राहिल्या. सुरुचीने कणकेचा हात पदराला पुसला.

"कालही नव्हतं."

"मग काल सांगायचं ना, बाबा!"

"सांगितलं. तू 'हो' म्हणालीस."

जितेंद्र त्यांच्या कानाशी वाकून ओरडला, "बाबा! स्पष्ट ऐकू येतंय हां!"

"ओरडू नकोस," अँप म्हणाला. "गळा गेलाय माझा. कान नाही."

जेवण झाल्यावर जितेंद्र मोबाइलवर तिन्ही पिकअपचे नमुने ऐकत बसला. पंढरीनाथांनी गिटार सोडली नव्हती. गुणगुण थांबावी म्हणून त्यांनी तारांवर आपला रुमाल दुमडून ठेवला होता. पहिला नमुना संपल्यावर त्यांनी बोटाने 'थांब' अशी खूण केली.

"हा नको. हा दुसऱ्याला बोलूच देत नाही."

जितेंद्रने त्यांच्याकडे पाहिलं. गिटारला ते इतकी वर्षं 'ठणठणाट' म्हणत आले होते. त्याने दुसरा लावला, अल्निकोचा. पंढरीनाथांनी डोळे मिटले.

"परत लाव."

त्याने परत लावला.

"याच्या खालच्या तारेला पोट आहे. तुझ्यात ते कधी नसतं. तू तिथे घाई करतोस."

"तुम्हाला कळतं यातलं?"

"तू त्या खोलीत वाजवतोस, मी या खोलीत बसतो. जाणार कुठे?"

बॅटरीवाला त्यांनी अर्ध्यातच नापास केला. मग दुसरा त्यांनी पुन्हा दोनदा ऐकला. त्याचं चुंबक कसलं, तो महाग का, किंचाळत का नाही, असं एकेक विचारत राहिले. जितेंद्र सांगत राहिला. सुरुची दोनदा दारात येऊन, दिवा न घालवताच परत गेली.

"दुसराच घे," पंढरीनाथ शेवटी म्हणाले. "रविवारी चांगला वाजेल." आणि थोडं थांबून, "त्यात बोलता येईल?"

"नाही. मेण घट्ट असतं. तो फक्त तारांचं ऐकतो."

"शहाणा आहे," ते म्हणाले. त्यांनी रुमालाने तारा पुसल्या, रुमाल खिशात ठेवला आणि गिटार त्याच्याकडे दिली.

सकाळी जितेंद्र चहा घेऊन बाहेर आला तेव्हा गिटार बॅगेत भरून तयार होती. पंढरीनाथांनीच भरली होती. ते खुर्चीत पेपर वाचत होते. जितेंद्रने बॅग खांद्याला लावली.

"येतो, बाबा."

पंढरीनाथांनी पेपरवरून वर पाहिलं. त्यांचे ओठ हलले आणि थांबले.

"हो बाबा!" जितेंद्र म्हणाला, आणि दारापर्यंत गेला.

तिथे तो उभा राहिला. कडीवर हात होता. मग तो परत आला, बॅग खाली ठेवून उघडली, वायर जोडली, अँप सुरू केला आणि गिटार वडिलांच्या समोर धरली.

"काय म्हणालात?"

पंढरीनाथांना हे अनपेक्षित होतं. त्यांनी चष्मा नीट केला.

"बॅगेची चेन अडकते, म्हणालो. हळू ओढ."

"हो," जितेंद्र म्हणाला. या वेळी खरोखर उत्तर तेच होतं.

त्याने गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली आणि रिकामी बॅग कपाटावर टाकली. खाली उतरून गेटपाशी त्याने कौस्तुभला फोन लावला.

"उद्या अनिशला वाजवू दे."

"का? पिकअप मिळाला नाही?"

"मिळाला. बसवायला वेळ आहे."

"किती वेळ?"

"माहीत नाही."

"इतक्या वर्षांनी जमतोय आपण, जित्या. बॅनरवर तुझा फोटो आहे. केस असतानाचा."

"असू दे."

कौस्तुभने आग्रह सोडला. मग म्हणाला, "निदान खुर्च्या लावायला तरी ये."

"येतो."

फोन ठेवल्यावर जितेंद्रचा उजवा हात खिशात आपोआप एक सूर धरत राहिला. त्याने तो बाहेर काढला आणि रिक्षाला केला.

सलोनीने सोल्डरिंगची कांडी तापत ठेवली होती.

"गिटार?"

"घरी आहे. वडील वापरतायत."

"ते पण वाजवतात?"

"नाही," जितेंद्र म्हणाला, आणि अल्निकोच्या डबीवर बोट ठेवलं. "हा द्या. बसवायचा नंतर."

तिने कांडीची पिन काढली. "ठेवून खराब नाही होत हा, काका. मेण ताजं आहे."

परत आला तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या मनोरमाताई हॉलच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. काहीतरी मागायला आणलेली त्यांची वाटी टेबलावर तशीच रिकामी होती. अँप बोलत होता.

"टाकी दर महिन्याला धुतलीच पाहिजे. मी असताना धुवत होतो."

"नाही हो, भाऊ!" मनोरमाताईंचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "साफ चुकीचं बोलताय. पाणी येतं कुठे एवढं धुवायला? तुम्ही होतात तेव्हाही हे चूकच होतं. तेव्हा कोणाची बोलायची हिंमत नव्हती, एवढंच!"

सुरुचीने त्यांना गप्प करायला हात पुढे केला. पंढरीनाथांनी मान हलवून तिला अडवलं. ते खुर्चीत पुढे सरकले, गिटार मांडीवर नीट घेतली, आणि तोंड तारांपाशी नेण्याआधी गिटारवरचं आवाजाचं बटण चाचपून पाहिलं. ते पूर्ण फिरलेलंच होतं. मग त्यांनी जितेंद्रकडे पाहून अँपकडे बोट दाखवलं.

जितेंद्रने डबी खिशात टाकली आणि अँपचा आवाज वाढवला.